रॉ काढता, मग कॅमेऱ्यातली कलर स्पेस कुणासाठी?

नवा कॅमेरा घेतल्यावर आठवड्याच्या आत भाचीचा फोन आला. "मावशी, मेन्यूत कलर स्पेस म्हणून एक ओळ आहे. एसआरजीबी आणि अ‍ॅडोबी आरजीबी, दोनच पर्याय. मी सगळं रॉमध्ये काढणार आहे. कोणता ठेवू?"

मी म्हटलं, "रॉमध्ये काढणार असशील तर कोणताही ठेव. रॉमधल्या माहितीला त्याने काही होत नाही."

क्षणभर ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मग तो पर्याय दिलाय कशाला?"

प्रश्न अगदी रास्त होता. कलर स्पेस म्हणजे कोणता आकडा म्हणजे कोणता रंग आणि एकूण किती रंगांना जागा, हे ठरवणारं माप. रॉ म्हणजे सेन्सरने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चकतीने, नोंदलेले कच्चे आकडे, आणि जेपेग म्हणजे त्यांतून तयार झालेला फोटो. त्या दिवशी फोनवर पाऊण तास जे बोलले, ते इथे सावकाश लिहिते आहे. मी मुख्यतः पक्ष्यांचे फोटो काढते, त्यामुळे उदाहरणं पिसांची येतील. पण गोष्ट फुलांना, कापडाला, चेहऱ्याला, सगळ्यालाच लागू आहे.

रॉ फाइलमध्ये नेमकं काय असतं

सेन्सरला रंग कळत नाही, उजेड किती पडला एवढंच कळतं. म्हणून त्याच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकेक गाळणी बसवतात. बहुतेक कॅमेऱ्यांत ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांची असते. तिचं पेटंट १९७६ सालचं. निम्म्या बिंदूंवर हिरवी गाळणी, पाव हिश्श्यावर लाल, उरलेल्या पाव हिश्श्यावर निळी. म्हणजे रॉमध्ये एका बिंदूपाशी एकच आकडा असतो. १२ बिट असेल तर ४०९६ पायऱ्यांपैकी एक, १४ बिट असेल तर १६३८४ पैकी एक. बाकीचे दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून काढायचे, ते काम सॉफ्टवेअरचं.

हे आकडे त्या विशिष्ट सेन्सरच्या बोलीत असतात. दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा त्याच पिसाकडे रोखला तर त्याचे आकडे वेगळे येतील, कारण त्याच्या गाळण्या वेगळ्या. या बोलीचा उलगडा करायला सॉफ्टवेअरकडे प्रत्येक मॉडेलसाठी आकड्यांचा एक तक्ता असतो. डीएनजी या प्रकारच्या रॉ फाइलमध्ये तर सहसा असे दोन तक्ते असतात, एक पिवळट दिव्याच्या उजेडासाठी आणि एक दिवसाच्या उजेडासाठी, आणि व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून उजेडाच्या छटेनुसार केलेली दुरुस्ती) पाहून दोहोंच्या मधला मार्ग काढला जातो. हा उलगडा झाल्यानंतरच 'हे आकडे कोणत्या कलर स्पेसमध्ये लिहू?' हा प्रश्न उभा राहतो. रॉ फाइल त्या टप्प्यापर्यंत आलेलीच नसते.

तुम्ही मेन्यूत जे निवडता, ते रॉमध्ये एक चिठ्ठी म्हणून जातं: 'फोटो काढणाऱ्याने अ‍ॅडोबी आरजीबी निवडलं होतं.' एवढंच. व्हाइट बॅलन्सचंही तसंच आहे, पण एक फरक आहे. व्हाइट बॅलन्सची चिठ्ठी जवळपास सगळी सॉफ्टवेअर वाचतात आणि तिथून सुरुवात करतात. कलर स्पेसची चिठ्ठी लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी यांसारखी सॉफ्टवेअर बाजूला ठेवतात. त्यांची आत काम करण्याची कलर स्पेस ठरलेली असते आणि ती या दोन्ही पर्यायांपेक्षा बरीच मोठी असते. कॅनन किंवा निकॉनचं स्वतःचं सॉफ्टवेअर मात्र ही चिठ्ठी वाचतं आणि सुरुवातीला तोच पर्याय लावतं. तिथेही तुम्हाला तो बदलता येतो आणि बदलल्याने काही हानी होत नाही.

आणि जेपेगमध्ये?

जेपेगच्या वेळी हा सगळा उलगडा कॅमेरा स्वतः करतो, तिथल्या तिथे, काही क्षणांत. तुम्ही निवडलेल्या कलर स्पेसमध्ये आकडे लिहितो, प्रत्येक रंगासाठी २५६ पायऱ्याच ठेवतो, फाइल दाबून लहान करतो आणि मूळ आकडे टाकून देतो. इथे तो पर्याय ही चिठ्ठी राहत नाही, तो निर्णय होतो आणि परत घेता येत नाही.

दोन्ही कलर स्पेसमधला फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण 'अ‍ॅडोबीत जास्त रंग असतात' एवढंच ऐकून खूप जण चुकीचा निर्णय घेतात. एसआरजीबी १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मिळून आखली, त्या काळच्या सामान्य पडद्यांना धरून. अ‍ॅडोबी आरजीबी १९९८ ची, छपाईच्या शाईत उतरणारे निळसर-हिरवे रंग आत सामावावेत म्हणून. कलर स्पेस त्रिकोणासारखी समजा, लाल, हिरवा आणि निळा असे तीन कोपरे. गंमत अशी की दोघींचा लाल आणि निळा कोपरा एकाच छटेचा आहे. हलवलाय तो फक्त हिरवा कोपरा. त्यामुळे सगळ्यात मोठी वाढ मिळते ती हिरव्या आणि हिरवट निळ्या रंगांत.

मला हे पुस्तकातून कळलं नाही, खंड्याने शिकवलं. उन्हात बसलेल्या खंड्याच्या पाठीचा तो झगझगीत निळा मी एसआरजीबी जेपेगमध्ये टिपला होता. घरी येऊन मोठा करून बघितला तर पाठीवर पिसंच नाहीत, रंगाचा एक सपाट डाग. उजेड जास्त झाला होता म्हणावं तर हिस्टोग्रामच्या (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ भाग किती ते दाखवणाऱ्या आलेखाच्या) उजव्या टोकाला काही नव्हतं. चूक डाव्या टोकाला होती: लाल चॅनलमध्ये, म्हणजे फोटोतल्या लालच्या आकड्यांत, पाठीच्या मोठ्या भागावर सरळ ०. त्या निळ्याला एसआरजीबीत लिहायचं तर लालचा आकडा शून्याच्याही खाली जावा लागतो, आणि शून्याच्या खाली जागा नाही. मग पिसापिसांतला लालचा जो बारीक चढउतार होता, तो सगळा ० वर येऊन चिकटला. त्याच बैठकीतल्या पुढच्या दोन फोटोंची रॉ नशिबाने होती. त्यांत प्रत्येक पिसाची कडा शाबूत होती.

म्हणून फोटो सपाट वाटला तर एकत्रित हिस्टोग्राम बघून थांबू नका. तिन्ही चॅनल वेगवेगळे बघा, आणि दोन्ही टोकांना बघा.

स्वतः पडताळून बघा

मी सांगते म्हणून मानू नका. अर्ध्या तासाचा प्रयोग आहे आणि एकदा केला की हा विषय कायमचा डोक्यात बसतो.

कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. समोर तीन गोष्टी मांडा: एक भडक लाल, एक गडद हिरवट निळी आणि एक करडी. उजेड बदलणार नाही अशी जागा घ्या. मॅन्युअल मोड, आयएसओ ठरवून दिलेला, व्हाइट बॅलन्सही ठरवून दिलेला. ऑटो काहीच नको. फाइल प्रकार रॉ अधिक जेपेग. एक फोटो एसआरजीबी लावून काढा, मग काहीही न हलवता पर्याय बदलून दुसरा अ‍ॅडोबी आरजीबीत काढा.

आता आधी फाइलींची नावं बघा. अ‍ॅडोबी आरजीबीतल्या फोटोचं नाव खालच्या आडव्या रेघेने, म्हणजे अंडरस्कोरने, सुरू झालेलं दिसेल. कॅमेऱ्यांच्या फाइलींसाठी जो सामाईक नियम आहे त्यातच ही खूण ठरलेली आहे. निकॉनमध्ये तीन अक्षरांच्या मागे असलेली रेघ पुढे येते, कॅननमध्ये पहिल्या अक्षराच्या जागी येते. ही खूण लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडणार आहे.

मग दोन्ही रॉ एकाच सॉफ्टवेअरमध्ये उघडा, दोन्हींना अगदी तेच सेटिंग द्या आणि लाल, निळ्या, करड्या वस्तूंवर ड्रॉपर (त्या जागेचे रंगाचे आकडे दाखवणारं साधन) ठेवून आकडे वाचा. सेन्सरच्या किरकोळ दाण्यांएवढाच, म्हणजे आकड्यांतल्या आपोआप होणाऱ्या बारीक चढउतारांएवढाच, फरक दिसेल, त्यापलीकडे काही नाही. (ज्या साध्या दर्शकांत रॉ पटकन दिसते तिथे हे करू नका. ते बहुधा रॉच्या पोटातलं छोटं जेपेग दाखवतात, आणि ते जेपेग मेन्यूतला पर्याय पाळतं.)

शेवटी दोन्ही जेपेगवर, रूपांतर न करता, तोच ड्रॉपर ठेवा. करड्यावर आकडे जवळपास सारखे येतील. लालवर आणि निळ्यावर वेगळे येतील, तरीही पडद्यावर दोन्ही फोटो बहुतेक सारखेच दिसतील. आकडे वेगळे पण रंग तोच, कारण फाइलला जोडलेलं प्रोफाइल सॉफ्टवेअरला सांगतं की हे आकडे कोणत्या मापाने वाचायचे. एसआरजीबीतला सगळ्यात गडद लाल २५५, ०, ०; तोच लाल अ‍ॅडोबी आरजीबीत २१९, ०, ० असा लिहिला जातो. एसआरजीबीतला पूर्ण हिरवा तिकडे १४४, २५५, ६० होतो. नुसता '२१९' हा आकडा म्हणजे नुसतं 'बारा' म्हटल्यासारखं आहे. बारा वीत की बारा फूट, ते प्रोफाइल सांगतं.

२१९ आणि कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम

वर म्हटलं की रॉला काही फरक पडत नाही. तरी रॉ काढणाऱ्यांनी हा पर्याय विचार करूनच ठेवावा, त्याला एक कारण आहे.

कॅमेऱ्याच्या पाठीवर दिसणारा हिस्टोग्राम आणि लुकलुकणारे उजळ भाग हे रॉवरून काढलेले नसतात. कॅमेरा जे जेपेग तयार करतो त्यावरून ते येतात. आता लाल फुलाचा विचार करा. त्याचा लाल एसआरजीबीत २५५ ला जाऊन आपटतो, तेव्हा अ‍ॅडोबी आरजीबीत तो २१९ वरच असतो, अजून वाव असतो. म्हणजे एसआरजीबी लावलं तर कॅमेरा लवकर घाबरवतो, तुम्ही उजेड विनाकारण कमी करता, आणि सावल्यांत दाणे वाढतात. अ‍ॅडोबी आरजीबी लावलं तर इशारा रॉच्या खऱ्या मर्यादेच्या थोडा जवळ येतो. अगदी अचूक होत नाही, कारण त्यावर व्हाइट बॅलन्सचा आणि पिक्चर स्टाइलचाही (जेपेगचे रंग आणि उठाव ठरवणाऱ्या कॅमेऱ्यातल्या साच्याचाही) परिणाम असतो. माझं म्हणाल तर फक्त रॉ काढताना मी अ‍ॅडोबी आरजीबी ठेवते आणि पिक्चर स्टाइल सगळ्यात सौम्य. पडद्यावर फोटो मलूल दिसतो, पण मोजमाप जास्त खरं मिळतं.

जाता जाता आणखी एक. रॉ आयात केल्यावर फोटो आधी रसरशीत दिसतो आणि दोन सेकंदांत उतरतो, हे पाहून भाची घाबरली होती. यात कलर स्पेसचा दोष नाही. आधी पोटातलं जेपेग दिसतं, मग सॉफ्टवेअरने स्वतः केलेला उलगडा दिसतो. सॉफ्टवेअरच्या प्रोफाइल यादीत कॅमेऱ्याच्या पिक्चर स्टाइलशी जुळणारं प्रोफाइल (हे वेगळं, फोटोचं रूप ठरवणारं) निवडलं की पहिल्या रूपाच्या बरंच जवळ जाता येतं.

मग जेपेग काढणाऱ्यांनी काय ठेवावं

फोटो कॅमेऱ्यातून निघून थेट कुणाच्या तरी पडद्यावर जाणार असेल तर एसआरजीबी. यावर माझं मत ठाम आहे. ब्राउझर, मेसेज, सादरीकरणं, बहुतेक छपाईवाले, सगळे एसआरजीबी गृहीत धरतात. प्रोफाइल नसलेला फोटो समोर आला तरी तो एसआरजीबीच आहे असं समजलं जातं.

अ‍ॅडोबी आरजीबी जेपेगची बाजू मला कधीच फारशी पटली नाही. पायऱ्या तिथेही २५६ च, जागा मात्र मोठी, म्हणजे प्रत्येक पायरी जास्त उंच. संध्याकाळच्या आकाशावर नंतर हात फिरवला की पट्टे उमटायची भीती वाढते. आणि ज्याला ते जास्तीचे रंग खरोखर हवेत, त्याला पुढे संस्करणही करायचं असतं. मग त्याने रॉ काढलेली बरी. दोन्ही लागत असतील, म्हणजे रॉ स्वतःसाठी आणि जेपेग लगेच पाठवायला, तर कॅमेरा एसआरजीबीवरच ठेवा आणि हिस्टोग्रामचा भित्रेपणा मनात धरून चला.

खरा निर्णय एक्सपोर्टच्या वेळी

रॉ काढणाऱ्यासाठी कलर स्पेस निवडायची जागा एक्सपोर्टच्या, म्हणजे रॉतून तयार फोटो बाहेर काढण्याच्या, खिडकीत आहे. तिथे मी काय करते ते सांगते.

पडद्यासाठी: जेपेग, एसआरजीबी, आणि प्रोफाइल जोडण्याची खूण चालू. कितीही लहान फाइल असली तरी ही खूण काढू नका. तीनेक किलोबाइटचा प्रश्न असतो. एक्सपोर्टच्या आधी सॉफ्ट प्रूफ (तयार फोटो कसा दिसेल त्याची आगाऊ झलक) चालू करून एसआरजीबीबाहेर जाणारे भाग बघते. लाइटरूम क्लासिकमध्ये डेव्हलप विभागात असताना एस दाबलं की ते सुरू होतं. खंड्याची पाठ तिथे हमखास इशाऱ्याच्या रंगाने रंगून येते. मग फक्त त्या रंगाची गडदपणाची (सॅच्युरेशनची) पट्टी थोडी खाली आणते. रंग किंचित सोडावा लागतो, पण पिसं वाचतात, आणि मला पिसं प्यारी आहेत.

छपाईसाठी: आधी छपाईवाल्याला विचारते. तो एसआरजीबी म्हणाला तर एसआरजीबी. चांगल्या फोटो-कागदावर इंकजेटने छापायचं असेल आणि त्याला चालत असेल तर १६ बिट टिफ प्रकारची फाइल, अ‍ॅडोबी आरजीबीत. हिरवट निळ्याच्या ज्या छटा पडदा दाखवू शकत नाही, त्यातल्या काही अशा कागदावर खरंच उतरतात.

फोटोशॉपमध्ये पुढचं काम करायचं असेल तर १६ बिट आणि प्रोफोटो आरजीबी. ही जागा कोडॅकची, इतकी प्रशस्त की तिचे काही कोपरे माणसाच्या डोळ्याला दिसूच शकत नाहीत. म्हणूनच ती ८ बिटमध्ये कधी वापरू नका. २५६ पायऱ्या एवढ्या जागेला पुरत नाहीत. आणि प्रोफोटोतली फाइल कुणाला तशीच पाठवू नका. प्रोफाइल गळलं तर चेहरे आजारी दिसतात.

आधीच बिघडलं असेल तर

काही वर्षांपूर्वी एका संकेतस्थळासाठी मी ३४० फोटो पाठवले होते. कॅमेरा तेव्हा अ‍ॅडोबी आरजीबीवर होता आणि मी जेपेगच काढत होते. माझ्या पडद्यावर सगळं उत्तम होतं. त्यांच्या यंत्रणेने फोटो लहान करताना प्रोफाइल काढून टाकलं, आणि पोपटांपासून खंड्यापर्यंत सगळे पक्षी धुवून वाळत घातल्यासारखे फिके दिसू लागले. राखी बगळे मात्र ठीक होते. त्या वेळी याचं कोडं पडलं होतं; आता कारण उघड आहे, करड्याचे आकडे दोन्ही जागांत जवळपास सारखेच. लालचा २१९ हा आकडा मात्र एसआरजीबीच्या मापाने वाचला गेला, की लाल २५५ वरून २१९ वर उतरलाच.

ज्यांच्या मूळ प्रती माझ्याकडे होत्या त्यांचं सोपं होतं: फोटोशॉपच्या एडिट मेन्यूत 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल', तिथे एसआरजीबी, आणि पुन्हा जतन. पण चाळीसेक फोटो फक्त त्या संकेतस्थळावर उरले होते, प्रोफाइल नसलेले. ते उतरवून घेतले तेव्हा नावाच्या सुरुवातीची आडवी रेघ तेवढी शाबूत होती. म्हणजे हे आकडे अ‍ॅडोबी आरजीबीतले, एवढं कळलं.

अशा फाइलीला दोन पायऱ्या लागतात, आणि त्यांचा क्रम चुकला तर काम बिघडतं. आधी 'असाइन प्रोफाइल', तिथे अ‍ॅडोबी आरजीबी. याने आकडे हलत नाहीत, फक्त कोणत्या मापाने वाचायचे ते सांगितलं जातं, आणि रंग डोळ्यांदेखत परत येतात. मग 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल', तिथे एसआरजीबी. याने रंग तसेच राहतात आणि आकडे बदलतात. फाइल ८ बिट असेल तर असाइननंतर ती आधी १६ बिट करून घ्या, रूपांतर झाल्यावर परत ८ वर आणा. उतारावरचे पट्टे त्याने थोडे टळतात. पहिली पायरी गाळून थेट दुसरी केली तर सॉफ्टवेअर फिका रंगच खरा समजून तोच नीट जपून ठेवतं.

नावात रेघ नसेल, कुणी नाव बदललं असेल, तर फाइलची एक्झिफ माहिती (कॅमेऱ्याने फोटोसोबत लिहून ठेवलेल्या नोंदी) उघडून कलर स्पेसची ओळ बघा. तिथे १ असेल तर एसआरजीबी. ६५५३५ किंवा 'अनकॅलिब्रेटेड' असं असेल तर एसआरजीबी नक्की नाही. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोत सहसा ती अ‍ॅडोबी आरजीबी निघते. ती ओळही पुसलेली असेल, तर फोटोची एक प्रत करा, तिला अ‍ॅडोबी आरजीबी असाइन करून बघा, आणि ज्याचा रंग तुम्हाला पक्का ठाऊक आहे अशा एखाद्या गोष्टीवर नजर ठेवा. माझ्या शेवटच्या सहा फोटोंचा निकाल मी खंड्याच्या लाल चोचीवरून लावला.